आठ सप्टेंबरची क्यू शीट

8 सप्टेंबरला आमच्या रेडिओवर आशाताईंखेरीज कुणाला वाजवायचं म्हणजे श्रोत्यांचे बोल खायची तयारी ठेवायची. त्यांचा जन्म 1933 सालचा, सांगलीचा, आणि आमच्या छोट्या केंद्रापासून सांगली काही लांब नाही. म्हणजे मामला घरचाच. पण सकाळच्या तासाला मी त्या त्या तारखेला जन्मलेल्या गायक-वादकांचा कार्यक्रम करते, आणि यंदा मी हट्टालाच पेटले होते की याच तारखेचे बाकीचेही आज वाजणार.

क्यू शीट, म्हणजे कुठलं गाणं कधी लावायचं त्याची यादी, बघून आमचे सर म्हणाले, "पाऊण तास आशाताई. उरलेल्या वेळात बसवा तुमचे गोरे लोक."

सगळे काही गोरे नव्हते. भूपेन हजारिकांचा जन्म याच तारखेचा, 1926 साली आसामात सदियाला. 'रुदाली'चं संगीत त्यांचं, आणि त्यात 'समय ओ धीरे चलो' गायलंय आशाताईंनी. एकाच गाण्यात 8 सप्टेंबरवाले दोघे! सरांनी तिथं मुकाट्यानं टिक केली. पॅट्सी क्लाइन ही अमेरिकेतली कंट्री गायिका आशाताईंहून बरोबर एक वर्षानं मोठी. 1963 साली विमान अपघातात गेली, तेव्हा जेमतेम तिशीची होती. चेक संगीतकार द्वोर्झाक 1841 सालचा, प्रागजवळच्या एका गावातल्या खाटकाचा मुलगा. सिंफन्या लिहिणाऱ्या या माणसाला रेल्वे इंजिनांचं इतकं वेड की स्टेशनावर जाऊन गाड्या बघत उभा राहायचा.

आणि पाचवा जिमी रॉजर्स, 1897 सालचा. गड्यावर माझा जीव होता. मालगाडीवर ब्रेक्समन म्हणून राबला, क्षयानं नोकरी सुटली, मग गिटार घेऊन गायला लागला आणि पुढं अमेरिकी कंट्री संगीताचा जनक ठरला. न्यूयॉर्कमधल्या शेवटच्या रेकॉर्डिंगला दम लागायचा म्हणून स्टुडिओतच खाट टाकली होती. दोन गाण्यांच्या मध्ये तो आडवा व्हायचा. त्यानंतर काही दिवसांतच, 26 मे 1933 ला गेला. त्याच सप्टेंबरात आशाताई जन्मल्या.

द्वोर्झाकची दोन मिनिटं संपतात न संपतात तोच फोन. "ताई, आज काय तारीख आहे माहितेय ना?" दुसरा त्याहून तिखट. काचेपलीकडून आमचा ऑपरेटर मला हातानं 'आवरा' म्हणून खुणावत होता. मी त्याला म्हटलं, "थांब रे, रॉजर्स लाव. 'ब्लू योडेल नंबर 9'."

हे गाणं 16 जुलै 1930 चं. त्यात ट्रंपेट आहे लुई आर्मस्ट्राँगचा आणि पियानोवर त्याची बायको लिल, पण रेकॉर्डच्या लेबलवर दोघांचंही नाव नव्हतं. गोरा कंट्री गायक आणि काळा जाझवाला, त्या काळात हे उघड छापणं सोपं नव्हतं. आर्मस्ट्राँगची जन्मतारीख 4 ऑगस्ट. किशोरकुमारचीही 4 ऑगस्टच! महिन्यापूर्वी मी त्या दोघांना एकाच तासात वाजवलं होतं. आता बघा: 8 सप्टेंबरचा रॉजर्स 4 ऑगस्टच्या आर्मस्ट्राँगबरोबर वाजला, आणि 8 सप्टेंबरच्या आशाताई 4 ऑगस्टच्या किशोरबरोबर आयुष्यभर गायल्या. वर्षाचे दिवस 365 आणि गाणारे हजारो. तारखा जुळतातच, त्याचं मला फारसं कौतुक नाही. पण किशोरकुमारनं योडलिंग, म्हणजे झटके देत आवाज वरखाली फिरवत गाणं, उचललं ते भावाच्या, अनुपकुमारच्या रेकॉर्डी ऐकून, आणि त्यात जिमी रॉजर्सच्याही होत्या असं सांगतात. हा धागा काही पंचांगातला नव्हे.

एवढं मी माइकवर सांगितलं आणि ऑपरेटरला बोट दाखवलं. रॉजर्सचा शेवटचा योडेल चालू असतानाच त्यानं फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची पट्टी, हळूहळू खाली घेतला आणि दुसऱ्या हातानं 'अंदाज'मधला किशोर वर आणला, 'जिंदगी एक सफर'चं ते उडलईऽ. क्षणभर दोन्ही गळे एकात एक. त्यामागोमाग तेच गाणं आशाताईंच्या आवाजात. पोरगं काचेपलीकडं चक्क उभं राहून नाचत होतं.

मग आलेल्या फोनचा सूर वेगळा होता. एक निवृत्त रेल्वे गार्ड बोलत होते. म्हणाले, "ताई, ब्रेक्समन आमच्यातबी असायचे. घाटात मालगाडी उतरायची तर डब्याडब्याचे हँडब्रेक हातानं दाबावे लागायचे. पावसाळ्यात लोखंड हाताला चावतं. त्यो मानूस गायला लागला, बरं केलं." मग जरा थांबून, "पन त्या ट्रंपेटवाल्याची तारीख खरी कशावरनं?"

प्रश्न बिनतोड होता. आर्मस्ट्राँग स्वतः जन्मभर 4 जुलै 1900 सांगायचा, म्हणजे ऐन अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची तारीख. तो 1971 साली गेला. त्यानंतर कितीतरी वर्षांनी न्यू ऑर्लिन्सच्या एका चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंद सापडली, तेव्हा 4 ऑगस्ट 1901 कळली.

"मंग आमचंबी तसंच," गार्डकाका हसले. "आईला एवढंच ठावं, की पेरण्या चालल्या होत्या. मास्तरांनी लावली 1 जून. आमच्या वर्गात निम्मे 1 जूनचे. नोकरीतबी तेच, 31 मेला अख्खी रांगच रिटायर झाली. आमचा कार्यक्रम कधी करताय?"

हे सगळं ऑन एअर गेलं. सर दारात उभे राहून पोट धरून हसत होते. पाऊण तासाचा हिशेब साफ चुकला होता, त्याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

1 जूनची यादी मी त्याच दुपारी काढली. पॅट बून आहे, कॅनडाची अलानिस मॉरिसेट आहे, आणि रशियाचा संगीतकार ग्लिंका, 1804 सालचा. जुन्या रशियन कॅलेंडरप्रमाणे त्याची तारीख 20 मे येते, पण मास्तरांच्या 1 जूनला त्याचा काय आक्षेप असणार? गार्डकाकांना स्टुडिओत पाहुणे म्हणून बोलावलंय. त्यांनी फोनवर एकच अट घातली: ग्लिंका थोडका, आशाताई जास्त.