दोरा

2023 ची वारी. पाऊस रुसलेला, डांबर तापलेलं. देहूतून निघाल्यावर अनगडशहाबाबांच्या दर्ग्यापाशी पहिली अभंग आरती झाली, तेव्हा मी मागे उभा राहून ऑफिसचा फोन घेत होतो. लोणी काळभोर, यवतचं पिठलं-भाकरी, वरवंड, सगळं एकात एक मिसळलंय. लख्ख आठवते ती रोटी घाटानंतरची दुपार.

उजव्या टाचेला रुपयाएवढा फोड आलेला. विणेकरी बुवांना दाखवला, तर म्हणाले, "नाम घ्या, चालाल." नाम घेतलं. फोड मोठा झाला, दिंडी पुढे गेली.

रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान होतं. पडलेल्या टायरवर टेकलो. आतून जाळीची टोपी, पांढरी दाढी असे एक चाचा आले. मी म्हणालो, "चाचा, थोडा पानी मिलेगा?"

"पानी देतो की. आदी पाय इकडं करा, माऊली."

कान तापले. जन्म पुण्यात गेला, पण समोर टोपी दिसली की माझी जीभ आपोआप हिंदीवर घसरते.

ट्यूब बुडवायची घमेली त्यांनी घासून घेतली, सुनेनं त्यात कोमट पाणी नि मीठ घातलं. सुई लायटरवर धरली, दोरा हळद-तेलात बुडवला. "फोडायचा न्हाई. दोरा ववून ठिवायचा, पानी झिरपून जातं. आपसूक गळंल, वढू नका." माझी घाण टाच मांडीवर घेऊन माणूस निवांत बोलत होता. "दर साली किती पाय येत्यात! टायर आन् पाय, दोनीबी हवा गेल्यावरच येत्यात."

आमच्या दिंडीतला मागे राहिलेला एकजण तिथंच थांबला. चहा आला तसा म्हणाला, "माझा उपास आहे." यवतला पिठल्यावर दुसऱ्यांदा हात मारताना हा उपास मला दिसला नव्हता. चाचांनी कप मुकाट मागे घेतला नि म्हणाले, "मग त्या टँकरचं पानी घ्या, पंचायतीचं हाये." मला त्याचा संताप आला. पण पहिला घोट घेताना माझाही हात क्षणभर अडला होता. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

निघताना पैसे काढले, तर चाचा चिडले. "तेवढे चहाचे कागदी कप उचलायला सांगा तुमच्या लोकांना. दुकानापुढं उकिरडा हुतो."

बेलवडीचं रिंगण, सराटीचं नीरास्नान, सगळं लंगडत पाहिलं. पिराची कुरोलीला, नुसतं गावाचं नाव ऐकून, चाचांची आठवण आली.

29 जूनला आषाढी, त्याच दिवशी बकरी ईद. चंद्रभागेच्या वाळवंटातून दुकानाच्या पाटीवरून घेतलेला नंबर लावला.

"ईद मुबारक, चाचा."

"नमाज झाली. कुर्बानी उद्या, आज एकादशी न्हाई का. दर्शन झालं?"

"कळसाचं झालं."

"झालं की मग. आन् दोरा? गळला?"

मी तो तिसऱ्याच दिवशी ओढून काढला होता.

"गळला," म्हणालो.