दुभत्याचे कपाट

दुधाची पातेली, विरजण आणि लोणी मांजरापासून वाचावे, पण आत वाराही खेळता राहावा, एवढ्यासाठी तीन बाजूंनी तारेची जाळी मारलेले आणि मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले हे कपाट कोकणातल्या आमच्या घरात फ्रिज आल्यावर पडवीत गेले, आणि पुढे खिळे, सुतळ्या व रंगाचे अर्धे डबे यांचे धनी झाले. गणपतीआधीच्या साफसफाईत ते भंगारात निघाले तेव्हा मी दाराचा एक कोपरा खरवडून पाहिला. हिरव्या रंगाखाली सागवान होते.

उत्साहाच्या भरात मी रंगावर सरळ 80 नंबरचा पॉलिश पेपर चालवला, ती चूकच झाली. चुलीच्या तेलकट काजळीने पेपर लगेच बुजत होता. शिवाय जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते, हे मला अर्धी दुपार धूळ खाल्ल्यावर आठवले. घरगुती रंगांतील शिशाची 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा आपल्याकडे 2017 मध्ये लागू झाली आणि हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. मग मास्क लावून, रंग काढायचे द्रावण फासून तो ओला असतानाच पत्र्याच्या पट्टीने खरवडला आणि निघालेला लगदा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला.

वर्षानुवर्षे पाण्यात उभे राहून पायांचे तळ काळे पडून भुसभुशीत झाले होते. सुताराने तेवढा भाग कापून सागाचेच तुकडे जोडले. “त्यापेक्षा वरून सनमायका मारू या,” हा त्याचा सल्ला मात्र मी ऐकला नाही. गंजलेली जाळी बदलून पितळी बसवली. लाखेच्या पॉलिशचा हात दमट हवेत दिला तर तो पांढुरका पडतो, म्हणून ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत थांबलो. तोवर 120, 220 आणि 320 नंबरचे पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवणे चालू होते. नंतर स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवलेली लाख मऊ कापडाच्या बोळ्याने, अगदी पातळ, सहा वेळा दिली.

आता त्यात पुस्तके आहेत. दुधासाठी योजलेली जाळी पुस्तकांनाही मानवते, कारण आमच्याकडच्या दमट हवेत बंद कपाटातल्या कागदाला बुरशीचा वास येतो. वर चहाचा कप टेकवायला सक्त मनाई आहे, कारण उष्णतेने लाखेवर पांढरे वर्तुळ उमटते. आतापर्यंत तीन उमटली आहेत.