ड्रोनवर ४जी मोडेम बसवला, माझा अनुभव (नागपूर-काटोल)

मामाची संत्र्याची बाग काटोलकडे आहे आणि माझा क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन) मी तिथंच उडवतो, उडवणारा बोर्ड पिक्सहॉक, त्यावरचं सॉफ्टवेअर आर्डूकॉप्टर, वजन दोन किलोच्या आत. नागपुरात उडवायचं म्हटलं की सोनेगावचं विमानतळ आडवं येते, हद्दीपासून ८ किमीपर्यंत परवानगीशिवाय उडवताच येत नाही आणि ८ ते १२ किमीमध्ये २०० फुटांच्या वर जायचं नाही, त्यामुळं सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरचा नकाशा आधी बघायचाच.

बागेत अडचण अशी होती की टेलिमेट्री रेडिओ (ड्रोनची माहिती लॅपटॉपवर पाठवणारा) झाडांच्या ओळी मध्ये आल्या की तुटायचा, आणि मामेभावाला नागपुरात बसून बॅटरी, उंची, नकाशा सगळं लाइव्ह पाहायचं होतं. म्हणून ४जी. एक गोष्ट आधीच सांगतो, ४जी लावलं म्हणजे ड्रोन नजरेआड न्यायची मोकळीक मिळाली असं अजिबात नाही, नियम तोच, ड्रोन डोळ्यासमोर पाहिजे. आणि हातातला रिमोट वेगळ्या २.४ गिगाहर्ट्झवरच ठेवला, तो मी ४जीवर कधीच नेणार नाही.

सामान म्हणजे रास्पबेरी पाय (छोटा संगणक, पुढं नुसतं पाय म्हणतो), यूएसबीचा ४जी डोंगल (हाच मोडेम), आणि एक वेगळा ५ व्होल्टचा बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणारा). मोडेम घेताना बँड (नेटवर्कच्या फ्रिक्वेन्सी) बघा, आपल्याकडं ३, ५, ८, ४० हे जास्त चालतात, अमेरिकेसाठी बनवलेला मॉडेल स्वस्तात दिसला तरी घेऊ नका, त्यात ३ आणि ४० नसला तर सिम लागून उपयोग काय. पायला पिक्सहॉकच्या टेलिमेट्री पोर्टमधून पॉवर देऊ नका, मोडेम टॉवर शोधताना एकदम जास्त करंट ओढतो आणि पाय रीस्टार्ट होतो. ३ अँपिअरचा बीईसी लावला तेव्हापासून अंडर-व्होल्टेजचा इशारा एकदाही आला नाही.

वायरिंग सोपं आहे, पिक्सहॉकच्या टेलेम-२ पोर्टचा टीएक्स (पाठवायची तार) पायच्या आरएक्सला (घ्यायची तार), आरएक्स टीएक्सला, ग्राउंड एकमेकांना, दोन्हीकडं ३.३ व्होल्टच असते. पिक्सहॉकमध्ये सिरियल-२ (म्हणजे टेलेम-२) चा प्रोटोकॉल २ आणि बॉड (डेटाचा वेग) ९२१. पायमध्ये सिरियलवरचं लॉगिन बंद करायचं, सिरियल हार्डवेअर चालू ठेवायचं, आणि ब्लूटूथ बंद करायचं कारण चांगला यूएआरटी (सिरियलचं हार्डवेअर) त्यानं अडवलेला असतो. त्यावर मॅव्हलिंक राउटर टाकला (मॅव्हलिंक म्हणजे ड्रोन आणि लॅपटॉप ज्या भाषेत बोलतात ती), तो डेटा १४५५० पोर्टवर पुढं पाठवतो. इथपर्यंत काहीच डोकं लागलं नाही.

डोकं लागलं ते पुढं. डोंगलला नेट आलं, पायवरून वेबसाइट उघडून राहिली, पण लॅपटॉपवरून पायपर्यंत काही केल्या पोचता येईना. मामा बाजूला उभे, म्हणाले, "काहून रे, टॉवर तर समोरच दिसून राहिला, मग काहून नाही लागत?" मामांचा प्रश्न बरोबर होता. सिमला मिळणारा आयपी पत्ता सहसा आपल्या एकट्याचा नसतो, कंपनी हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागं बसवते, त्यामुळं आतून बाहेर जाता येते पण बाहेरून आत येता येत नाही. उपाय म्हणजे मधे एक स्वतःचा छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला, त्यावर वायरगार्ड (खाजगी जाळं बनवणारं व्हीपीएन) टाकलं, पाय, माझा लॅपटॉप, भावाचा लॅपटॉप तिघंही त्यालाच येऊन जुळतात. पायवरच्या वायरगार्डच्या कॉन्फिगमध्ये कीपअलाइव्ह (रस्ता उघडा ठेवणारा छोटा संदेश) २५ सेकंद ठेवा, नाहीतर जरा वेळ डेटा गेला नाही की कंपनीच्या बाजूनं रस्ता बंद होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फेलसेफ (संपर्क तुटल्यावर ड्रोननं आपणहून काय करायचं ते), आणि यावर लोक फार कमी बोलतात. ग्राउंड स्टेशनचा (लॅपटॉपवरच्या कंट्रोल सॉफ्टवेअरचा) हार्टबीट, म्हणजे 'मी आहे' असा संदेश, ठराविक सेकंद आला नाही तर ड्रोननं घरी परत यावं, हे पिक्सहॉकच्या एफएस-जीसीएस सेटिंगमध्ये सेट होते, चालू आहे का ते स्वतः बघा. पण ड्रोनला माझा लॅपटॉप आणि भावाचा लॅपटॉप यातला फरक फक्त सिस्टिम आयडीवरून कळतो, आणि ग्राउंड स्टेशनचं सॉफ्टवेअर मिशन प्लॅनर असो की क्यूग्राउंडकंट्रोल, दोन्ही मुळात २५५ च वापरतात. म्हणजे माझं नेट शेतात गेलं तरी नागपुरातून भावाचे हार्टबीट येतच राहणार, ड्रोनला वाटणार सगळं ठीक आहे, आणि फेलसेफ लागणारच नाही. म्हणून भावाच्या स्टेशनला वेगळा आयडी दिला, २५५ फक्त माझा. नंतर प्रॉपेलर काढून, मोटर आर्म (चालू) करून, भावाचं चालू ठेवून माझं नेट आणि टेलिमेट्री रेडिओ दोन्ही तोडले, तेव्हा ड्रोन जमिनीवर असल्यामुळं मोटरी आपोआप बंद झाल्या. ही टेस्ट केल्याशिवाय मी कोणालाच उडवू देणार नाही.

बसवण्याच्या बाबतीत, मोडेमचा अँटेना जीपीएसपासून जितका लांब नेता येईल तितका नेला, ड्रोन ज्यावर टेकतो त्या खालच्या लँडिंग लेगला बांधला. जवळ ठेवला होता तेव्हा सॅटेलाइट कमी दिसत होते. नेटवर्कचं म्हणाल तर वर गेल्यावर सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसतात पण डेटा अडखळतो, कारण टॉवरचे अँटेना जमिनीकडं झुकवलेले असतात आणि वरून एकाच वेळी कितीतरी टॉवर दिसतात, त्यांचा एकमेकांत गोंगाट होतो. म्हणून मी दांड्या बघत नाही, एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) बघतो. मॅव्हलिंकला तसाही डेटा थोडाच लागतो, ते चालून जाते, व्हिडिओ मात्र मी अजून या लिंकवर टाकलेला नाही.

उन्हाळ्यात अजून एक, आपल्याकडं ४५ डिग्री होते, पाय बंद डब्यात ठेवला की ८० च्या पुढं जाऊन स्वतःच हळू होतो. डब्याला दोन्ही बाजूनं छिद्रं पाडून हीटसिंक लावला, आणि आता उडवतो ते सकाळी नवाच्या आत. टेलिमेट्री रेडिओही काढलेला नाही, तो टेलेम-१ वर तसाच आहे, ४जी गेलं तर माझा लॅपटॉप त्यावरून बोलत राहतो.