तुम्ही विचारलंत म्हणून: कृमीचं म्हातारपण

"एवढ्याशा कृमीला कसलं आलंय म्हातारपण?" सी. एलेगन्स नावाच्या कृमीवर काम करते म्हटलं की हा प्रश्न येतोच.

येतं की! हा कृमी जेमतेम 1 मिलिमीटर लांब, पारदर्शक, आणि 20 अंश तापमानाला दोन-तीन आठवडे जगणारा. तरुणपणी बशीभर सळसळत फिरतो, मग मंदावतो. शेवटी प्लॅटिनमच्या तारेनं हळूच डिवचलं तरच डोकं हलवतो.

पण ही नुसती झीज नाही, म्हणून तर मी यात रमले. 1993 मध्ये सिंथिया केन्यन यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की डॅफ-2 या एका जनुकात बिघाड असलेले कृमी दुप्पट जगतात, आणि तेही तरतरीत. हे जनुक ज्या ग्राहीचं (म्हणजे पेशीवर बसून बाहेरचा निरोप घेणारं प्रथिन), तो आपल्या इन्सुलिनच्या ग्राहीचा भाऊबंद निघाला. त्याच्याकडून येणारा निरोप क्षीण झाला, की डॅफ-16 हे प्रथिन पेशीकेंद्रात शिरून बचावाची आणि दुरुस्तीची जनुकं जागी करतं.

माझा लाडका प्रयोग मात्र 1999 चा, त्याच प्रयोगशाळेतला. ज्या पेशींपासून पुढे अंडी आणि शुक्राणू होतात, त्या कोवळ्या कृमीतच लेसरनं जाळल्या. आयुष्य सुमारे 60 टक्के वाढलं. वाटेल, पिल्लांवरचा खर्च वाचला, ती शक्ती जगण्याला मिळाली. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण भोवतालच्या पेशींसकट अख्खी जननग्रंथी काढली, तेव्हा पिल्लं झाली नाहीतच, आणि आयुष्यही नेहमीएवढंच राहिलं! म्हणजे हिशेब शक्तीचा नव्हता, निरोपांचा होता. जननपेशी आयुष्य आखडायला सांगतात, भोवतालच्या पेशी लांबवायला. या दुसऱ्या निरोपात डॅफाक्रोनिक आम्ल हे स्टेरॉइड संप्रेरक लागतं. ते कोलेस्टेरॉलपासून बनतं, आणि कृमीला कोलेस्टेरॉल स्वतः तयार करता येत नाही. आम्ही ते अगरमध्ये, म्हणजे कृमी ज्यावर वाढवतो त्या जेलीत, मिसळतो.

हे ऐकून कुणीतरी मधुमेही हमखास विचारतात, "मग मी इन्सुलिन कमी केलं तर?" नाही हो, अजिबात नको. कृमीतसुद्धा डॅफ-2 चा निरोप फारच घटला, तर पिल्लू वाढायचंच थांबतं. तुमच्या रक्तातली साखर पेशींत जायला इन्सुलिन हवंच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक युनिटही कमी करू नका.