तांब्याच्या आधारानं दोन वलयं गुंतवताना

कॉपर(I), म्हणजे एक धन प्रभार असलेल्या तांब्याच्या आयनाभोवती दोन फिनँथ्रोलिन (धातूला धरून ठेवणारे सपाट रेणू) एकमेकांना साधारण काटकोनात बसतात. एक आधीच बंद वलयात असेल, तर दुसरं त्यातून आरपार ओवलं जातं. मग त्याची टोकं जोडायची. जाँ-पिएर सोवाज यांच्या स्ट्रासबर्गमधल्या गटानं 1983 मध्ये दाखवलेल्या या मार्गानं मी कॅटेनेन, म्हणजे साखळीच्या कड्यांसारखी एकमेकांत गुंतलेली दोन वलयं, केलं.

बॅच 0.2 मिलिमोलची. 30 अणूंच्या वलयाचं मॅक्रोसायकल (फिनँथ्रोलिन असलेलं, आधीच बंद केलेलं मोठं वलय) 113 मिग्रॅ डायक्लोरोमिथेनमध्ये घेतलं. आर्गॉनखाली त्यात कॉपरचा ॲसिटोनायट्राइल-हेक्साफ्लोरोफॉस्फेट क्षार, 75 मिग्रॅ, ॲसिटोनायट्राइलमधून सोडला. क्षार पांढरा हवा. निळसर झाक असेल तर वापरू नका. नंतर डायफिनिल-फिनँथ्रोलिनचं डायफिनॉल (वलयातून ओवायचा तुकडा), 73 मिग्रॅ, डीएमएफ या द्रावकातून. थेंब पडताच गर्द लाल रंग चढतो.

इथं वजनात हयगय नको. दोन बंद वलयं एकमेकांत शिरू शकत नाहीत, त्यामुळे एका कॉपरवर दोन मॅक्रोसायकल बसत नाहीत. डायफिनॉलचे दोन रेणू मात्र सहज बसतात. प्रमाण नेमकं 1:1:1 असलं तरच सगळ्या फिनँथ्रोलिनना जागा मिळते, तीही मिश्र संकुलातच, म्हणजे एका कॉपरवर एक मॅक्रोसायकल आणि एक डायफिनॉल. डायफिनॉल जास्त झालं की नको ते संकुल बनतं आणि पुढं शुद्धीकरणाच्या कॉलमवर त्रास देतं.

डायक्लोरोमिथेन उडवून 20 मिली डीएमएफ घातलं, अर्धा तास आर्गॉन सोडला. बेस म्हणून सीझियम कार्बोनेट 195 मिग्रॅ. टोकं जोडायला पेंटाइथिलीन ग्लायकॉलचं डायआयोडाइड 101 मिग्रॅ, सिरिंज पंपानं 6 तासांत, 60 अंशांवर. घाई केली तर वलय मिटण्याऐवजी साखळ्या वाढतात. हवा शिरली तर बेसिक द्रावणात कॉपर(I) टिकत नाही, लाल रंग मळतो.

वर्कअपमध्ये (अभिक्रियेनंतर पदार्थ वेगळा करताना) पोटॅशियम हेक्साफ्लोरोफॉस्फेटच्या द्रावणाबरोबर ढवळणं विसरू नका, नाहीतर सुटलेलं आयोडाइड क्षारात मिसळून राहतं. मग सिलिका कॉलम. मूळ कामात उत्पादनाचा उतारा 42 टक्के आहे.

एनएमआरमध्ये (प्रोटॉनांचा परिसर दाखवणाऱ्या चुंबकीय मापनात) ऑक्सिजनशेजारचे फिनाइल प्रोटॉन सुमारे 7.1 वरून 6.0 पीपीएमकडे सरकलेले दिसतात. हे फार समाधान देणारं दृश्य आहे: समोरच्या फिनँथ्रोलिनच्या सावलीत ते आलेत.

कॉपर काढायला पोटॅशियम सायनाइड, भरपूर जास्त, फ्युमहूडमध्येच. आम्ल जवळपासही नको, हायड्रोजन सायनाइड सुटतो. लाल रंग हळूहळू फिका पिवळा होतो. मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूंच्या वस्तुमानाच्या आलेखात) 1133 च्या आसपासचं, दोन्ही वलयांचं मिळून शिखर मिळतं, आणि एक वलय तुटलं की मधे काही न दिसता थेट 567, म्हणजे उरलेलं एकच वलय.