भांडणाची वही

साडेसातला येतो म्हणून सांगितलेला माणूस पावणेनऊला दारात उभा राहतो. आत वाट बघणारी म्हणते, "तुला माझी काही किंमतच नाही." तो म्हणतो, "आल्या आल्या सुरू झालं!" पुढची वीस मिनिटं उशिराबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. गेल्या महिन्यातलं निघतं, मग गेल्या वर्षीचं, मग कोणाची माणसं कशी आहेत ते. रात्री दोघंही अंथरुणावर पडल्या पडल्या मनात आपापली वकिली करत राहतात.

या वकिलीला जेवढा वेळ जातो त्यातली दहा मिनिटं वहीला दिली, तर त्याच भांडणातून बरंच काही हाती लागतं. वही साधी हवी, कागदाची हवी आणि कोणाला दाखवायची नसावी. पण वही उघडण्याआधी अंगातला भडका उतरू द्यावा लागतो.

जोडप्यांच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास केलेल्या जॉन गॉटमन यांनी नाडीचे ठोके मिनिटाला शंभरच्या वर जाण्याची खूण सांगितली आहे. त्या अवस्थेत समोरच्याचे शब्द कानावर पडतात, पण डोक्यात शिरत नाहीत. मनगटावर बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजा. पंचवीसच्या वर गेलं, तर बोलणं थांबवा. शरीर शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात, आणि तीही त्या वेळात मनात उत्तरं घोळवली नाहीत तरच. चालायला जा, भांडी घासा. उशीवर ठोसे मारून राग 'मोकळा' करण्याचा सल्ला मात्र सोडून द्या. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत पिशवीवर ठोसे मारणारे लोक, नुसते स्वस्थ बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले.

थांबताना एक चूक हमखास होते, ती म्हणजे न बोलता उठून जाणं. मागे राहिलेल्याला ते तोंडावर दार आपटल्यासारखं लागतं. "मला आत्ता धड ऐकू येत नाहीये, साडेनऊला बोलू," एवढं सांगून उठा. आणि ज्याने वेळ मागून घेतली, त्यानेच साडेनऊला स्वतःहून परत यायचं. हे एकदा चुकलं की पुढच्या वेळी थांबण्यावरचा विश्वासच उडतो.

आता वही. पानावर चार खाने पाडा.

पहिल्या खान्यात घडलं तेवढंच, म्हणजे कॅमेऱ्यात दिसलं किंवा ऐकू आलं असतं तेवढंच. "साडेसात ठरलं होतं. पावणेनऊला आला. मधे फोन नाही." संपलं. नेहमी, कधीच, मुद्दाम, साधं एवढंसुद्धा, हे शब्द या खान्यात आले की खोडा आणि दुसऱ्यात टाका. पहिला खाना तीन-चार ओळींच्या वर गेला, तर बहुधा त्यात तिखटमीठ मिसळलेलं असतं.

दुसऱ्या खान्यात तुम्ही लावलेला अर्थ: "त्याला माझी किंमत नाही." खरं सोनं इथेच आहे, म्हणून इथे घाई करू नका. आपल्याला उशीर झाला की रस्ता, काम, पाऊस आठवतो. दुसऱ्याला झाला की त्याचा स्वभाव. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ साली माणसाच्या या सवयीला नाव दिलं: दुसऱ्याच्या वागण्यामागची परिस्थिती कमी लेखायची आणि स्वभावाला जास्त धरायचं. ही सवय आपल्याला आहे हे नुसतं माहीत असून भागत नाही, हात चालवावा लागतो. त्याच घटनेची आणखी तीन कारणं लिहा, आणि त्यातलं एक तरी आपल्याला अडचणीचं असू द्या. उदाहरणार्थ, "उशीर होतोय असं फोनवर सांगितलं की मी कशी बोलते, त्याची त्याला धास्ती असेल." कारण खरंच असलं पाहिजे असं नाही. पण ते लिहिताना पेन अडखळलं, तर तिथे खूण करून ठेवा.

तिसऱ्या खान्यात भावना. इथे भाषा फसवते. "मला गृहीत धरलं असं वाटलं" या वाक्यात 'वाटलं' आहे खरं, पण ते निव्वळ आरोपपत्र आहे. भावना एका शब्दात मावते: भीती, लाज, हेवा, एकटेपणा, थकवा. नुसता 'राग' लिहून थांबू नका. त्याच्याखाली बरेचदा दुसरं काही असतं, आणि या उदाहरणात ती अपघाताची भीती होती. शेजारी भांडणाची वेळ, जेवण झालं होतं का, आदल्या रात्री किती झोप झाली, हेही टिपा. हिशोबनीसासारखं वाटेल, पण निम्मी भांडणं एकाच वेळेला उभी राहतात हे कळायला दुसरा मार्ग नाही.

चौथ्यात मागणी. "माझा मान ठेव" ही मागणी उद्या पूर्ण झाली की नाही, कोण ठरवणार? "पंधरा मिनिटांच्या वर उशीर होणार असेल तर एक मेसेज टाक" हे ठरवता येतं.

खाने भरून झाल्यावर अजून खदखद असेल तर आणखी सात मिनिटं लिहा, पण तिऱ्हाइताच्या नजरेतून. दोघांचंही भलं व्हावं असं वाटणारा माणूस हे भांडण बघत असता, तर त्याने काय सांगितलं असतं? एली फिंकेल आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग १२० जोडप्यांवर केला आणि २०१३ साली प्रसिद्ध केला. दर चार महिन्यांनी सात मिनिटं, म्हणजे वर्षाला एकवीस. लिहिणाऱ्यांची भांडणं काही कमी झाली नाहीत, पण भांडणाचा त्रास कमी झाला आणि संसारातल्या समाधानाची घसरण थांबली. मला हा निकाल आवडतो, कारण तो फार मोठी आशा लावत नाही.

परत बोलायला बसताना पहिला आणि चौथा खाना जोडून सुरुवात करा, मधे तिसऱ्यातला एक शब्द: "साडेसात ठरलं होतं, पावणेनऊ झाले, फोन आला नाही, मी घाबरले होते. उशीर होणार असेल तर कळवशील?" मग गप्प बसा. त्याचं ऐकून झाल्यावर ते आपल्या शब्दांत परत सांगा, तो "हो, हेच" म्हणेपर्यंत. आवाजात टोमणा आला की हा सगळा खटाटोप फुकट जातो. माफी मागताना 'तर' टाळा. "वाईट वाटलं असेल तर सॉरी" यात चूक अजून सिद्ध व्हायची असते.

घरकामाच्या वाटणीवरून वाजत असेल, तर एक वेगळी युक्ती आहे. दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर आपला वाटा टक्क्यांत लिहायचा आणि बेरीज करायची. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ साली नवरा-बायकोंना असंच विचारलं, तेव्हा बेरीज बहुतेकदा शंभरच्या वर गेली. कोणी खोटं बोलत नसतं; आपण केलेलं काम आपल्याला जास्त आठवतं, एवढंच. विशेष म्हणजे भांडण उकरून काढण्यासारख्या वाईट गोष्टींतही लोक स्वतःचा वाटा जास्तच सांगत होते.

तडजोडीची घाई नको. व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या मेरी पार्कर फॉलेट यांनी शंभर वर्षांपूर्वी वाचनालयातलं एक उदाहरण दिलं होतं: एकाला खिडकी उघडी हवी, दुसरीला बंद. खिडकी अर्धी उघडली असती तर दोघांचीही कुरकुर राहिली असती. एकाला हवा हवी होती, दुसरीला अंगावर वारा नको होता. शेजारच्या खोलीतली खिडकी उघडली आणि प्रश्न मिटला. चौथ्या खान्यातल्या मागणीला "ते कशासाठी हवं?" एवढं विचारलं की अशी शेजारची खिडकी कधीकधी सापडते.

कायम नाही सापडत. गॉटमन यांच्या निरीक्षणात जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद कधीच पूर्ण न मिटणारे होते. वहीत तेच भांडण तिसऱ्यांदा आलं, की निकाल लावायच्या मागे लागू नका. दोन आठवड्यांपुरतं काहीतरी ठरवा, तारीख लिहा, त्या दिवशी बघा.

समोरच्याची भीती वाटत असेल, हात उगारला जात असेल, पैसा किंवा फोन ताब्यात घेतला जात असेल, तर हे काहीच लागू नाही. तिथे वही बाजूला ठेवून आधी सुरक्षित जागा आणि बाहेरची मदत शोधायची. आणि वही कधीही पुरावा म्हणून समोर आपटू नका. एकदा आपटली की पुढच्या पानावर तुम्ही खरं लिहिणार नाही.

आठ-दहा नोंदी झाल्या की एका बैठकीत फक्त दुसरा खाना वाचा. साहेब, बहीण, मैत्रीण, नवरा. माणसं बदलतात आणि "माझी किंमत नाही" तेवढं जागेवर राहतं. मग ते वाक्य त्या माणसांकडून आलेलं नाही, तुम्ही सोबत घेऊन फिरताय. पुढच्या वेळी ते तोंडाशी आलं, की आरोप म्हणून फेकण्याऐवजी विचारून बघा: "माझ्या डोक्यात लगेच आलं की तुला माझी किंमत नाही. तसं आहे का?" समोरचा बहुधा आधी दचकतो. उत्तराला थोडा वेळ लागतो, तेवढा द्या.