तिने त्याला टायर पाठवला

आज फ्रेंच वाचनाच्या सरावात एका वाक्याला अडखळले. बाई घाईघाईने त्याला 'प्नो' पाठवते. प्नो म्हणजे टायर, हे गेल्याच महिन्यात पाठ केलेलं. प्रियकराला टायर? गाडी पंक्चर झाली असेल बिचाऱ्याची, म्हणून मी तसाच अर्थ सांगून मोकळी. मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

तर प्नो म्हणजे 'प्न्युमातिक', हवेच्या नळीतून जाणारं पत्र! पॅरिसमध्ये १८६६ पासून थेट १९८४ पर्यंत ही टपालसेवा चालू होती. शहराखालच्या गटारांच्या बोगद्यांतून लोखंडी नळ्या टाकलेल्या, पुढे त्यांचं जाळं चारशे किलोमीटरच्या वर गेलं. चिठ्ठी घडी करून डबीत घालायची, डबी नळीत. मागून दाबाची हवा, नाहीतर पुढून ओढ, की डबी सुटली पुढच्या टपाल कचेरीकडे. तिथून पोरगा सायकलवर टांग मारून घरी आणून देणार. साधारण दोन तासांत काम फत्ते. कागद निळा, म्हणून लाडाचं नाव 'पेती ब्लो', छोटं निळं. ड्रेफस प्रकरणात, म्हणजे ड्रेफस या निरपराध फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याला हेर ठरवलं गेलं त्या गाजलेल्या खटल्यात, खऱ्या हेराकडे, एस्टरहाझीकडे, बोट दाखवणारा फाडलेला कागद हाच, एक पेती ब्लो.

आणि १९८४ म्हणजे काय फार जुनं नाही हो, माझ्या ताईचा जन्म त्याच सालचा.

घरी येऊन नवऱ्याला हे सगळं साग्रसंगीत सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे टायरची हवा तपासायची राहिलीच ना आज?"